पेशंटचं नाव

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी ह्यांचं नाव उभ्या आयुष्यात घेतलं असेल ते लग्नात, डोहाळजेवणाला आणि हळदीकुंकवाला कुणी फारच गळ्यात पडलं तर, तेही उखाण्यात गुंफून. रेशनकार्डाच्या साहेबाने विचारलं तर मी शेजारणीला पुढे करायची, "तू सांग गो." आणि तेच नाव मी रत्नागिरीत एका औषधाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, फटकन सांगून मोकळी झाले. उखाणा नाही, काही नाही. हे जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

ते का, ते सांगते.

मला खोकला आला की लघवी सुटायची. लिहायलाच बसले आहे तर आडपडदा कशाला ठेवू? आधी नुसता खोकला, मग शिंक, मग घागर उचलली तरी, आणि मग काही कारणच लागेना. चार बाळंतपणं झाली, तिसऱ्या दिवशी विहिरीवर गेलेली बाई मी. अंग बाहेर येतं हे मला कधीचं कळत होतं, पण हे कुणाला सांगायचं? ह्यांना सुद्धा सांगितलं नव्हतं. मुलगा मुंबईला, त्याला फोनवर काय सांगू? "जेवलीस का?" "जेवले." "तब्येत?" "बरी आहे." झाला फोन.

एकादशीला देवळात आम्हा बायकांचं भजन असायचं. मी टाळ धरायची. एकदा उठताना सतरंजीवर ओला डाग दिसला. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या एकादशीला मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मग बारशाला गुडघा, साखरपुड्याला गुडघा. गुडघे माझे ठणठणीत, पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढते अजून. पण एकदा जायचं सोडलं की बोलावणंही हळूहळू थांबतं. पुढे पुढे असे दिवस यायला लागले की तोंडातून शब्द निघायचा तो कुत्र्याला "हाड" म्हणायला.

जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायची मी. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळ्यात आमच्याकडे चार चार दिवस काही वाळत नाही. पडवीत दोरी बांधून घड्या टाकल्या, तर पलीकडच्या घरातली माझी धाकटी जाऊ कुंपणावरून ओरडली, "अगो वयनी, तुझ्याकडे कोण बाळंतीण आली गो? आम्हाला डिंकाचा लाडू पण नाय!" ती आपली थट्टा करत होती. मी पण हसले. आणि दोरी सोडून आत चुलीवर बांधली. दोन दिवस घराला असला वास होता की मीच ओटीवर येऊन बसले.

तेव्हा ठरवलं, विकतचे आणायचे. आमच्या वाडीजवळ पालीला औषधाचं दुकान आहे, पण तो दुकानदार माझ्या मुलाच्या वर्गातला. मी डायपर मागितले की सांजवात लागायच्या आत वाडीभर. म्हणून एसटी धरून रत्नागिरीला गेले. बायकांना हाफ तिकीट झालं आहे तेव्हापासून रत्नागिरी जवळ आली आहे. स्टँडजवळ एक दुकान पाहिलं, ओळखीचं कुणी नाही. दुकानदार चाळिशीचा, गोल तोंडाचा, बोलका.

"बोला आजी."

"मोठ्या माणसाचे ते… लंगोट असतात ना," मी म्हटलं.

"डायपर. कुणासाठी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या ह्यांच्यासाठी."

"आजोबा झोपून असतात का? मग टेपवाले न्या. तुम्हालाच बांधायला सोपे."

मला तर चड्डीसारखे घालायचे हवे होते. मी म्हटलं, "नाही हो, हिंडतात घरात." चड्डीवाले मिळावेत म्हणून मी ह्यांना पायावर उभं केलं.

"बरं. कंबर किती आजोबांची?"

हे म्हणजे आयुष्यभर वेताची काठी. पण घालायचे मला. मी दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

"म्हणजे चांगले खात्यापित्या घरचे आहेत!" तो म्हणाला. गिऱ्हाईकं हसली. मग त्याने कॉम्प्युटरवर बोटं ठेवून विचारलं, "पेशंटचं नाव?"

तेच ते. माझं नाव सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मी ह्यांचं नाव सांगितलं, मधलं नाव, आडनाव, सगळं. कान तापले माझे. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पिशवीत घालून बाहेर आले आणि थेट स्टँड गाठला.

पुढच्या महिन्यात गेले तर मला बघताच तो म्हणाला, "या. आजोबा कसे आहेत?"

आता बघा, सात वर्षांत ह्यांच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल काय विचारणार? मी म्हटलं, "बरे आहेत. काल पेज घेतली." सांगून टाकलं आणि बरं वाटलं. मग दर महिन्याला असंच. आज ओटीवर येऊन बसले. आज माझ्यावर चिडले, आमटीत मीठ जास्त म्हणून. आज म्हणाले, आंब्याला मोहोर चांगला आहे, फवारणी वेळेवर करा. तो पण मोठ्या आवडीने ऐकायचा. "आमचे आजोबा पण असेच होते, मिठावरून भांडायचे," म्हणायचा. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी हातखंब्याच्या फाट्यापर्यंत पुढच्या खेपेला काय सांगायचं ते ठरवायची. खोटं बोलते आहे असं मनातही येत नव्हतं, देवाशपथ. मला बोलायला एक माणूस होतं आणि बोलायला एक विषय होता.

पुढच्या वर्षी एक दिवस अंघोळ करताना अंग इतकं बाहेर आलं की मी घाबरले आणि मुलाला फोन केला. तो आला, रत्नागिरीला ऑपरेशन झालं. त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे, त्यामुळे आम्हाला काही बघावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचं एकदम थांबणार नाही, काही महिने डायपर लागतील, आणि कागदावर तसं लिहूनही दिलं. मुलाने तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. चार दिवसांनी मुंबईला जाताना म्हणाला, "आई, ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांची सगळी बिलं ठेव. विम्यातून मिळतात. त्या डायपरची पण. लाजू नको."

मी ठेवली. औषधं दवाखान्यातल्या दुकानातून घ्यायची, ती बिलं माझ्या नावाची. डायपर मात्र माझ्या त्या दुकानातून. बिलं इंग्रजीत, मला वाचता येत नाहीत. आणि खरं सांगू, आमच्या नावात मध्ये नवऱ्याचं नाव असतंच, तेव्हा कुणाचंही लिहिलं तरी घर एकच, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. सगळी बिलं पाकिटात घालून पालीहून कुरिअर केली.

चार दिवसांनी फोन.

"आई, ही डायपरची बिलं बाबांच्या नावावर कशी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुकानदाराने चूक केली वाटतं."

"हो," मी म्हटलं, "त्याचीच चूक."

"मूर्ख आहे का तो? थांब, बिलावर नंबर आहे, मीच बोलतो त्याच्याशी."

हा फोन करणार, तो म्हणणार, आजोबा तर परवाच ओटीवर आले होते म्हणे. माझ्या पोराला वाटणार आईला भ्रम झाला. नाहीतर त्याहून वाईट, त्याला खरं काय ते कळणार. मी म्हटलं, "तू नको करू. मी उद्या जाते तिकडे, बदलून आणते. तोंडावर बोललेलं बरं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं, तरी दोघंजण होते. एक बाई बीपीच्या गोळ्या मोजून घेत होती.

"अरे वा, आज लवकर! आजोबा कसे आहेत?"

"ते नाहीत," मी म्हटलं.

"गावाला गेले? या तब्येतीत?"

"नाहीत हो. ते नाहीत."

त्याचा हात तसाच राहिला. "अरेरे. कधी झालं, आजी?"

इथे अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. परवा म्हटलं असतं तर तो हळहळला असता, मला बसायला स्टूल दिलं असतं, आणि मी त्यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत बसले असते. पण माणसाला दोनदा कसं मारू?

"आठ वर्षं झाली," मी म्हटलं. "डायपर माझे आहेत. बिलं माझ्या नावावर करून हवीत. विम्याला लागतात."

बीपीवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि मग गोळ्यांकडे पाहिलं. दुकानदार कॉम्प्युटरकडे वळला. रागावला नव्हता. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मागची बिलं नाही हो बदलता येत आता. आजपासून तुमच्या नावावर देतो. सांगा नाव."

मी माझं नाव सांगितलं. मध्ये त्यांचं आलंच.

मुलाला फोनवर मी खरं सांगून टाकलं, की दुकानदाराची चूक नाही, मीच तसं सांगितलं होतं, लाजेने. आजोबा ओटीवर बसायचे ते नाही सांगितलं. तो "हं" म्हणाला. नव्या नावाचं एक बिल आणि डॉक्टरीणबाईंचा कागद त्याने विम्याकडे पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं.

"आई, नावाचा प्रश्नच नव्हता गं," तो म्हणाला. "डायपर ते कुणालाच देत नाहीत. न द्यायच्या वस्तूंची एक यादी आहे त्यांची. साबण, कंगवा, टूथपेस्ट, डायपर. वैयक्तिक सोयीच्या वस्तू."

"कंगवा?" मी म्हटलं.

"हो."

कंगव्याशिवाय मी देवळात गेले असते, डोक्यावर पदर घेऊन. पण हे विम्याच्या माणसाला कोण सांगणार, आणि त्याने तरी ऐकून काय केलं असतं? पोटातले टाके त्यांनी दिले, सलाईन दिलं, सुईसुद्धा दिली. त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकायला जे लागतं, ती माझी सोय.

मुलगा बिचारा ओशाळला होता. म्हणाला, "राहू दे. यापुढे मीच ऑनलाइन मागवतो. खोका घरी येईल. तुला ती एसटीची दगदग नको."

त्याला काय सांगणार? प्रेमाने म्हणत होता. मी म्हटलं, "बरं झालं रे."

खोका येतो. तीन महिने पुरतो. रत्नागिरीला जायला कारण उरलं नाही.

मध्ये एकदा मात्र डोळे तपासायला गेले. स्टँडकडे येताना पाय आपोआप दुकानाकडे वळले. कापूस मागितला, उगाच.

"या आजी, या! आजो…" आणि त्याने जीभ चावली. "मोठी गुंडाळी देऊ की लहान?"

"लहानच द्या."

त्याने कापूस कागदात बांधला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी थोडी थांबले, तोही काउंटरवर हात ठेवून थांबला. त्याला काय विचारावं सुचेना आणि मला काय सांगावं ते. तेवढ्यात स्टँडवर पालीच्या गाडीचा पुकारा झाला, म्हणून मी निघाले.