धुरकऱ्याची शिक्षा

जू माझ्या मानेवर ठेवलं तेव्हा ते अजून ओलं होतं. पाखऱ्या बैलाच्या घामानं. दोन पंचांनी ते दोन बाजूंनी धरलं होतं आणि माईकवरचा माणूस हसत ओरडत होता, "बघा, बघा, नवा बैल जुपला!" माळभर लोक. सगळ्यांचे मोबाईल वर.

मी धुरकरी. म्हणजे शंकरपटात छकड्यावर बसून बैलजोडी पळवणारा. जोडी आबांची. नेकनूरच्या अलीकडचा तो माळ आबांचा. पंचांमधली मधली खुर्चीही त्यांचीच. बैलांना वैरण घालणारा, धुणारा, पळायला शिकवणारा मी. पाखऱ्याला तर गोऱ्हा होता तेव्हापासून मी वाढवला. दुसऱ्या कुणी पेंड पुढं केली तर तोंड फिरवायचा. आमच्या वस्तीतला माणूस हाकायला चालतो. बक्षिसाची ढाल घेऊन फोटो काढायची वेळ आली की म्हणतात, "तू बैल धर तिकडं." इतकी वर्षं मी बैल धरत आलो. वाईट वाटायचंच. पण पाखऱ्या शेजारी असायचा, म्हणून चालवून घेतलं.

त्या दिवशी काय झालं ते सगळ्या माळानं पाहिलं. कायद्यानं काठी बंद झाली, बॅटरीचा शॉक बंद झाला. म्हणून आता काही मालक जोडीच्या मागे मोटारसायकल लावतात. हॉर्नला भेदरून बैल पळतात. आबांच्या पुतण्याला मी सकाळीच हात जोडले होते. "भैय्या, गाडी मागं घालू नका. पाखऱ्या लई बुजतो." ऐकतो कशाला तो! निम्म्या पटावर थेट आमच्या डाव्या अंगाला घुसला. पाखऱ्या बुजला, जोडी उजवीकडे फाकली आणि शेजारच्या छकड्यावर गेली. तिकडच्या बैलाचा पाय मोडला. तो उठायची धडपड करत होता, आणि त्याचा मालक त्याच्या तोंडावरून हात फिरवत रडत होता. मीही रडत होतो. पुतण्या तोवर मोटारसायकल वळवून मंडपामागे गेला होता.

पंचांनी निकाल दिला, "धुरकऱ्याचा हलगर्जीपना."

आमच्याकडची रीत अशी. हयगय करून जोडी फाकवली, तर धुरकऱ्यानं जू मानेवर घ्यायचं आणि रिकामा छकडा सगळ्यांसमोर ओढत सुरुवातीच्या रेषेपर्यंत न्यायचा. रीत सगळ्यांना सारखी, असं म्हणतात. त्याच्या आदल्या साली याच पुतण्यानं हौसेनं कासरा हातात घेतला आणि जोडी लोकांत घातली. तेव्हा नारळ फोडून भागलं.

मी ओढायला लागलो. खरं सांगतो, लागलो. कारण गर्दीत दादा उभे होते. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनीही तरुणपणी आबांच्या घरची जोडी हाकलेली. रडवेल्या तोंडानं म्हणत होते, "वढ रं लेका. रीत हाय. म्या बी वढलंय."

थोडं अंतर गेलो असेन. छकडा एकदम जड झाला. मान वळवून पाहिलं तर पुतण्या वर चढून बसलेला. बुटानं माझ्या कमरेत ढोसलं.

"चल बे, पळ की! हर्र!"

माळ हसला. आमच्या वस्तीतली माणसंही हसली. ते हसणं मला आजही झोपू देत नाही.

मी थांबलो. जू मानेवरून काढलं. खाली ठेवलं. छकडा पुढे कलला आणि पुतण्या घसरत मातीत आला.

"आबा, मोटारसायकल कुनी घातली ते आदी माईकवर सांगा. चूक माजी निगाली तर वढतो."

बाकीचे पंच आबांकडं बघायला लागले. ज्याच्या बैलाचा पाय मोडला त्यानंही तोंड फिरवलं. आबा आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापासून गोठ्याकडं फिरकायचं न्हाई."

आता मी बीडला मिस्तरीच्या हाताखाली जातो. एसटी धरायची तर आबांच्या गोठ्यावरूनच जावं लागतं. पाखऱ्या माझी चाल ओळखतो. दाव्याला हिसका देतो, हंबरतो. मी थांबत नाही. थांबलो तर मला तिथून निघता येणार नाही.

या साली पट जवळ आला. जोडी कुणाच्या हाताला लागेना. आबांनी निरोप पाठवला, तोही दादांकडून. दादा उंबऱ्यात टेकले.

"चार पावलं वढ म्हनले. लोकांम्होरं. मंग बैल तुज्याकडंच."

हो म्हणावंसं वाटलं. पाखऱ्यासाठी होकार ओठापर्यंत आला होता. पण तोंडातून दुसरंच आलं.

"दादा, तुमी वढलं तवा चूक तुमची हुती का?"

दादांनी डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"न्हवती. थोरल्या मालकानं, आबांच्या वडलांनी, मदीच कासरा वढला हुता."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"कुनाला सांगायचं?"

एवढंच बोलून दादा तोंड पुसायला लागले. माझ्या बापानं हे आयुष्यभर पोटात ठेवलं आणि मला म्हणाला, रीत हाय.

पट भरेल त्या दिवशी मी मंडपात जाणार आहे. माईक मागणार आहे. दिला नाही तर ओरडून सांगणार आहे. आधी दादांचं, मग माझं. पाखऱ्या मला परत मिळणार नाही, हे मला कळतं. मार बसेल, हेही कळतं. आबांना दुसरा धुरकरी मिळेल आणि तो आमच्याच वस्तीतला असेल. त्याच्या मानेवर जू ठेवायला जो हात पुढं येईल, तो हात मी धरणार.