फिरकी नवऱ्याच्या हातात

आमच्या घरी संक्रांतीला पतंग मी उडवायचे आणि फिरकी नवरा धरायचा. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. हसणाऱ्यांचं हसून कधीच झालेलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. रोज सकाळी नवरा माझी वेणी घालू लागला, तीही वाकडी. तेवढंही मी चालवून घेतलं. पण एक दिवस वेणी घालता घालता तो म्हणाला, "यंदा मी उडवतो, तू फिरकी धर." मला असा राग आला, की त्याच संध्याकाळी मी योगाच्या बाईंकडे गेले.

या बाई सयाजीगंजात एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये शिकवायच्या. तेव्हा नव्यानेच आलेल्या केबलवर सकाळी योग दिसायचा: भला मोठा मांडव आणि सगळ्यांचं एकच आसन. बाईंना ते पटायचं नाही. त्यांच्याकडे एक गृहस्थ खुर्चीला धरून उभे, एका बेनच्या कमरेखाली उशी, एक काका भिंतीला पाय लावून निजलेले. जो तो आपल्या दुखण्यापुरतं करायचा. शेजारच्याचं बघून काही केलं तर बोलणी बसायची.

बरं झाल्यावर काय करायचंय, हे बाई प्रत्येक नव्या माणसाला आधी विचारायच्या. मी खरं ते सांगितलं, पतंग उडवायचाय. हसतील असं वाटलं होतं, पण बाई पक्क्या बडोद्याच्या. म्हणाल्या, "तो चगावो, बेन. जोईए."

म्हणजे तिथेच उडवून दाखवा. पतंग नाही, दोर नाही, आणि मी चारचौघांत उभी राहून हवा खेचायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उशीवाल्या बेनना राहवेना. "ढील आपो, ढील," त्या पडल्यापडल्या म्हणाल्या. भिंतीच्या काकांचं मत, खेचायला हवं. दोघांची जुंपली. तेवढ्यात खुर्चीवाले गृहस्थ खुर्ची सोडून माझ्यासमोर आले आणि त्यांनी आपला नसलेला पतंग माझ्या नसलेल्या पतंगाला भिडवला. माझा कापला गेला, असं सगळ्या हॉलने एकमताने ठरवलं. मला ते अजून मान्य नाही.

बाईंचं लक्ष मात्र माझ्या मानेकडे होतं. खेचताना मी खांदा कानापाशी नेते आणि श्वास कोंडते, हे त्यांनी मला दाखवून दिलं. मग माझ्यापुरता अभ्यास ठरला. बोटांनी भिंत हळूहळू चढायची. दाराच्या कडीला ओढणी अडकवून, श्वास सोडत, कोपर मागे न्यायचं. दुखायला लागलं की थांबायचं. थांबणं माझ्या स्वभावातच नाही, त्यामुळे सगळ्यात जड तेच गेलं.

दिवाळीपर्यंत हात खांद्याच्या रेषेत आला, मग कानापर्यंत, आणि तिथे अडला. बाई म्हणाल्या, खांदा मोकळा झालाय, आता भीती उरलीय, ती काही मला काढता येत नाही.

संक्रांतीच्या सकाळी नवऱ्याने काही न विचारता फिरकी उचलली. मला फार बरं वाटलं. मी हात खालीच ठेवून, श्वास सोडत, पतंग चढवला आणि समोरच्या गच्चीवरचे दोन कापलेसुद्धा. दुपारी बाईंना उंधियू खायला बोलावलं होतं. त्या पोटभर जेवल्या, कुणाचा तरी दोर हातात घेतला आणि पाहता पाहता माझाच पतंग कापला.

"हे चालायचं नाही," मी ओरडले. मी सॉलिड भडकले होते. नवरा दोर गुंडाळायचा सोडून माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्याही लक्षात आलं. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, अगदी सरळ. मी तसेच हात वर धरून हसत सुटले, आणि बाईही.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत; पतंग त्याही दिवशी उडतात. नवरा सवयीने कंगवा घेऊन आला. माझी वेणी घालून झाली होती. मी त्याच्या हातातून कंगवा घेतला आणि फिरकी दिली.