हात ठेवून जाणारे दादा मोहिते

दादा मोहिते उभ्या गाडीच्या मागून कधी नुसते गेले नाहीत. आधी तिच्या अंगावर तळहात टेकवायचा, तो न उचलता घासत घासत मागून वळसा घ्यायचा आणि पलीकडे पोचलं की दोनदा थोपटायचं. गाडी कुणाचीही असो. देवासच्या बसस्टँडासमोर एकदा पोलिसांच्या जीपमागूनही ते असेच गेले. आतला शिपाई खेकसत बाहेर आला, तर दादा शांतपणे म्हणाले, "डरो मत साब, आपको नहीं, इसको बता रहा था कि मैं हूँ."

दादांचे पणजे-खापरपणजे देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, खोगीर, सगळं त्यांच्याकडे. "घोड्याच्या मागून मुकाट्यानं गेलं की तो दचकतो," दादा सांगायचे. "दचकला की लाथ घालतो. त्याची चूक नसते. तू तिथं आहेस हे त्याला कळलंच नाही ना! म्हणून हात ठेवायचा. हात ठेवून जा, मग खुशाल जा." पागा गेली, घोडे गेले. दादांनी चाळीस वर्षं बस चालवली. हात मात्र तसाच राहिला.

माझी त्यांची गाठ पडली ती माझी नोकरी जायच्या बेतात होती तेव्हा.

मी मूळची परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन देवासला आले, कारण नवरा इथल्या कारखान्यात होता. तो आजारानं गेला तेव्हा लेक सातवीत होती. माहेरी भावाचा ट्रॅक्टर चालवायचे, तेवढ्या जोरावर लायसन्स काढलं आणि एका ठेकेदाराकडे बारा सीटच्या गाडीवर लागले. देवासहून इंदूरला कामाला जाणाऱ्या बायकांची गाडी. त्यांना बाईच ड्रायव्हर पाहिजे होती म्हणून मला घेतलं. सकाळी आठला निघायचं, साडेनऊच्या आत पोचवायचं.

तिसऱ्याच दिवशी इंदूरच्या अलीकडे मांगलियाच्या चौकात मी थिजले. पुलाचं काम चालू होतं, तीन रांगांचा रस्ता एका रांगेत उतरत होता. डावीकडे सिमेंटचा टँकर, उजवीकडे बस, मागे हॉर्नवर हॉर्न. माझा पाय क्लचवर गेला आणि तिथंच राहिला. सगळं ऐकू येत होतं, फक्त हातपाय माझे नव्हते. बायका उतरून रिक्षांनी गेल्या. गाडी ट्रॅफिक पोलिसानं बाजूला घेतली.

ठेकेदार म्हणाला, "आठ दिन. नौवें दिन नहीं जमा तो बोरिया-बिस्तर बांधो, बहनजी."

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. "ये परत," तो म्हणाला. "पोरीची आठवी होईल आता. बस झालं की. घरकाम शिकंल, पुढं स्थळ बघू." तो वाईट नाही. पण मी जिथं शाळा सोडली त्याच पायरीवर माझी लेक उभी होती आणि तिला खाली उतरवायचं की नाही, हे मांगलियाच्या चौकावर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं माझ्या बाजूच्या सीटवर दादांना शिकवायला बसवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, धुवट पांढरा शर्ट, पायात मोजडी. बसायच्या आधी त्यांनी गाडीला वळसा घातला आणि मलाही घालायला लावला. आतल्या बायका खिडक्यांना नाकं लावून बघत होत्या. रेखा सिस्टर, इंदूरच्या दवाखान्यातली नर्स, ओरडली, "दादा, पूजा हो गई हो तो चलें? लेट हो रहा है!"

"सिस्टर, ठंडे घोड़े को दौड़ाते नहीं," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कुठली गं तू?"

"परभणीची."

"हां. मग तू परभणी." मी नाव सांगायला लागले तर म्हणाले, "नाव राहू दे घरी. आमच्या पागेत घोड्याला त्याच्या मुलखाच्या नावानं हाक मारायचे. काठेवाडी, मारवाडी, भीमथडी. परभणी अजून कोणी आली नव्हती."

गाडी सुरू केली तसं त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"दिसतं ते. समोरचं, आरशातलं, दोन्ही बाजूंचं. गप्प झालीस की गाडी बंद करायची."

मी चाचरत सुरुवात केली. मागे पांढरी कार. डावीकडे दूधवाल्याची मोटरसायकल, चार कॅन. समोर ट्रक, ट्रकवर कांदे.

"कांदा कसा आहे?"

"लाल."

"मग ठीक. पुढे?"

मागे बायका खिदळत होत्या. क्षिप्रेचा पूल येईपर्यंत त्याही सामील झाल्या. "दीदी, पीछे दूल्हे की गाड़ी है, वो तो बोली ही नहीं आप!" मी आरशात बघितलं, खरंच फुलं लावलेली गाडी होती. मी तीही सांगितली. आणि सांगता सांगता मांगलिया मागे पडलं. थिजायचं राहूनच गेलं. तोंड चालू असलं की भीतीला बसायला जागा मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्या दिवशी आम्ही पोचलो दहाला. बायकांची बोलणी बसली. दादा उतरताना म्हणाले, "किती जणांना वाट दिलीस आज? मी मोजत होतो. सोळा. उद्या काय करणार, मंडप घालून पंगत बसवशील?"

खोटं नव्हतं ते. आमच्या गावच्या रस्त्यावर समोरून म्हैस आली तरी ट्रॅक्टर कडेला घ्यायची रीत. मला वाटायचं, तेच चांगलं वागणं. इथं मी कडेला झाले की मागचे चार घुसायचे, ते घुसले की त्यांच्या मागचे आठ. "घाबरून वळायचं नाही आणि घाबरवून घुसायचं नाही," दादा म्हणायचे. "आपली रांग ही आपली जागा. तिथं बसून राहणं म्हणजे कोणाशी भांडण नव्हे."

ट्रकांची मला फार धास्ती. दादांनी त्यावरही पागेतलाच इलाज सांगितला. "त्याचा आरसा दिसतोय का? आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय का? तुला त्याचं तोंड दिसलं तर त्याला तुझं दिसतं. नाही दिसलं तर तू घोड्यामागून मुकाट्यानं चाललेला माणूस आहेस. लाथ बसली तर कोणाला बोलणार?" तेव्हापासून मी तोंडं शोधायला लागले. पगडीवाला, तपकीर ओढणारा, फोनवर हसणारा. तोंड दिसलं की ट्रक नुसता ट्रक राहत नाही.

चौथ्या दिवशी मांगलियाच्या अलीकडे रांग तुंबली होती. मागच्या काळ्या काचांच्या गाडीनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शेवटी त्यातला माणूस उतरून माझ्या काचेशी आला आणि माझ्या डोक्यावरून दादांना म्हणाला, "क्यों भिया, औरत को बिठा दिया स्टेअरिंग पे? साइड में लगवाओ, हम निकलें."

माझा हात आपोआप स्टेअरिंग डावीकडे वळवायला गेला. दादा पुटपुटले, "एक वीतही नाही." आणि खाली उतरले. आधी आमच्या गाडीला हात लावत मागे गेले, मग त्याच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, जसं तापलेल्या जनावराच्या कपाळावर ठेवावं.

"गरम हो गई है," ते म्हणाले. "ये भी, तुम भी. आगे देखो भिया, मेरी बिटिया हटेगी तो तुम्हारे लिए रास्ता खुलेगा क्या? उसके आगे पूरा इंदौर खड़ा है."

बायकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. तो माणूस "सठिया गया है बुड्ढा" असं काहीतरी म्हणत परत गेला. दादा येऊन बसले. त्यांनी डबा उघडला आणि पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरत म्हणाले, "हॉर्न म्हणजे रडणं, परभणी. तुला रडायचं असेल तर घरी जाऊन रड. इथं बसून राहायचं."

आठव्या दिवशी ठेकेदार स्वतः मागच्या सीटवर येऊन बसला. बायका चिडीचूप. मी वळसा घातला, सुरुवात केली. मागे बस, डावीकडे दोन मोटरसायकली, समोर टँकर. सगळं नीट चाललं होतं. मांगलियाला रस्ता आक्रसला, उजवीकडून कापसाच्या गाठींचा मोठा ट्रक येऊन अगदी दादांच्या डोळ्यांसमोर येईल असा पुढे आडवा झाला. मी त्याच्या ड्रायव्हरचं तोंड शोधत होते म्हणून क्षणभर गप्प झाले. तेवढ्यात दादा हळूच म्हणाले, "गेला का तो ट्रक?"

ट्रक गेला नव्हता. ट्रक आमच्या नाकासमोर होता. आभाळ झाकलं होतं त्यानं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, पण डोळे ट्रकवर नव्हते, कशावरच नव्हते. आठ दिवस मी ज्याच्या भरवशावर गाडी चालवत होते त्या माणसाला दिसत नव्हतं. पाय पुन्हा क्लचवर गेला. तोच क्लच, तोच चौक. मागे ठेकेदार खाकरला.

"बोल गं," दादा म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच विनवणी होती.

आणि मी बोलले. मोठ्यानं बोलले. "नाही गेला. समोर आडवा आहे. कापसाच्या गाठी, निळी ताडपत्री. ड्रायव्हर म्हातारा आहे, मफलर आहे. त्यानं मला बघितलं. मान हलवली. आता सरकतोय. डावीकडे जागा झाली, मोटरसायकल नाही. मी निघाले." निघालेच. नऊ वीसला आम्ही इंदूरच्या विजयनगरला होतो. ठेकेदार उतरला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "ठीक है. पर आप बोलती बहुत हो, बहनजी."

तो गेल्यावर मी चहाच्या टपरीवर दादांना धरलं. राग, रडू, सगळं एकदम आलं होतं. "दादा, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं की. सावल्या दिसतात."

"गाडीभर बायका होत्या मागं! आणि माझी लेक घरी!"

"गाडी कोण चालवत होतं? मी?" त्यांनी बशीत चहा ओतला, बोटानं कड चाचपून. "ठेकेदारानं विचारलं, रस्ता पाठ आहे का? मी बोललो, पाठ आहे. डोळ्यांचं त्यानं विचारलं नाही." त्यांनी एक घोट घेतला. मग ते म्हणाले, "डॉक्टर बोलला, आता ऑपरेशननं पण होणार नाही. घरात बसा. चाळीस वर्षं ज्या रस्त्यावर बसलो, तो मी घरात बसून सोडून देऊ? तू बोलत होतीस, मला कांदा दिसला, दूल्ह्याची गाडी दिसली. तुला वाटतं माझ्यामुळे धीर आला, पण धीर तुझाच होता. मी तर नुसता हात ठेवून बसलो होतो."

मी ठेकेदाराला काही सांगितलं नाही. चूक केली का, ते मला अजून माहीत नाही. एवढंच माहीत आहे की माझी लेक नववीत गेली.

त्यानंतर दोन वर्षं दर शनिवारी दादा माझ्या बाजूला बसून इंदूरला यायचे, काम नसताना. मग त्या सावल्याही गेल्या. त्यांची मुलगी कमलताई धारला शाळेत शिकवते, ती न्यायला आली. दादांनी तिची गाडी परत पाठवली. "मला परभणी नेईल. आणि सकाळच्या रिकाम्या रस्त्यानं नको. संध्याकाळच्या गर्दीतनं ने. निघतोय तो असा चोरासारखा नाही."

मी सुट्टी काढली, ठेकेदाराकडून गाडी मागून घेतली. पाचला निघालो आणि बायपासवर कारखाने, ऑफिसं, कॉलेजं सगळी एकदम सुटलेली सापडली. साडेचार तास लागले. मी बोलत होते, दादा ऐकत होते. मधेच हॉर्नांचा गदारोळ उठला की ते खिडकीची काच खाली करायचे आणि हसायचे, "रडतायत सगळे. तू बस." धारच्या वाटेवर घाटाबिल्लोदच्या पुढे रस्ता मोकळा झाला, सांगण्यासारखं काही उरेना. मी म्हटलं, "दादा, आता अंधार आणि नुसती शेतं." ते म्हणाले, "मग शेतं सांग."

धारला कमलताईंच्या दारात ते उतरले. गाडीला तळहात टेकवला, घासत घासत मागून वळसा घेतला, दोनदा थोपटलं. मी पलीकडे त्यांची पिशवी घेऊन उभी होते. ते माझ्या मागून दाराकडे निघाले, तेव्हा त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. न उचलता, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मग दोनदा थोपटलं आणि ते आत गेले.

चार महिन्यांनी कमलताईंचा फोन आला. झोपेतच गेले होते.

लेक आता कॉलेजात आहे. भाऊ तिला फोनवर शेतीच्या कागदांतलं विचारतो. मी त्याच गाडीवर आहे. धास्ती गेली असं म्हणणार नाही. रोज सकाळी ती येते, रोज मी वळसा घालते, मग ती ओसरते. परवा मांगलियाला एक लांबलचक काळी गाडी उजवीकडून नाक खुपसायला लागली. मी बोलत होते, "काळी गाडी, घुसायच्या बेतात. ड्रायव्हरला चष्मा आहे. हात दाखवतोय, बाजूला हो म्हणून."

मागून रेखा सिस्टर म्हणाली, "आपको देखा उसने?"

"देखा."

"तो फिर?"

मी स्टेअरिंग सरळ धरलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

तो थांबला.