डावी बाही

तेरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच सांगितलं, "कंपाउंडर, तुमचा इस्माईल गेला. बॉयलरपाशीच कोसळला म्हणं." मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो; दवाखाना साखर कारखान्याचाच, पण कारखाना तिकडं लांब, तेरच्या बाजूला. शाळेपासूनचा दोस्त गेला होता, आणि मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली… आता सगळ्यांना कळणार. याला सहा आठवडे झाले.

दुष्काळाचं ते साल. तेरणेच्या कोरड्या पात्रात माणसं पाण्यासाठी झिरे खणत होती, इस्माईल सडकेच्या कामावर खडी फोडत होता, आणि आमच्या सहकारी साखर कारखान्यात कायम नोकरीची भरती निघाली. डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे. तपासणीच्या फॉर्मवर रक्तदाब मी मोजून लिहायचा, त्यांनी सही करायची. त्यांनी मला बजावलं होतं, पहिल्यांदा दोन्ही हात बघायचे. फरक निघाला तर जास्तीचा आकडा धरायचा. इस्माईलच्या डाव्या हातात एकशे तीस निघाले, उजव्यात एकशे नव्वद. पट्टी सोडून पुन्हा बांधली. पारा तिथंच.

"तोंड का पडलं रं?"

"उजवा लई हाय. डॉक्टर नापास करतील."

"मग डाव्याचं लिव्ह की! डावा बी माझाच हाय, उसना न्हाय आणला."

दोघंही हसलो. मी डाव्याचं लिहिलं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण गोळ्या सुरू करायच्या तर डॉक्टरांना उजवा हात दाखवावा लागणार, जुना फॉर्म निघणार, त्याची नोकरी जाणार. त्याच्यासाठीच गप्प बसलोय, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगतो, माझीही गेली असती… म्हणून गप्प होतो. दहा-अकरा वर्षं. कारखान्याची जीप अवेळी दवाखान्याकडं वळली की वाटायचं, जुने फॉर्म बघायला आले. इस्माईल अधूनमधून यायचा आणि खुर्चीत बसायच्या आधीच डावी बाही वर सारायचा. एकदा म्हटलं, उजवा दे. "कशाला भ्या घालतो?" म्हणाला. मला उलट सुटल्यासारखं वाटलं.

परवा चाळिसाव्याला इस्माईलच्या घरी तेरला गेलो. जुबेदावहिनी म्हणाल्या, "भाऊ, चक्कर येतीय, प्रेशर बघा." डावा हात बघितला, ठीक होता. म्हटलं, आता उजवा.

"दोन दोन कशाला? त्यांचा तर तुम्ही एकच बघायचा. किती म्हटलं उमरग्याच्या डॉक्टरला दाखवा, तर म्हणायचे, माझं प्रेशर माझा दोस्त बघतो…"

रबरी फुगा माझ्या मुठीत तसाच राहिला. पट्टी गुंडाळली आणि निघून आलो.

दवाखान्यात आता कुणीही त्या खुर्चीकडं आलं की माझी नजर आधी त्याच्या डाव्या बाहीकडं जाते. हे लिहिलेलं पान दुपारच्या एसटीनं तेरला पोचेल. वहिनींना वाचता येतं… वहिनी, त्याचा उजवा हात मी बघितला होता.