सोमा महाराजांचा बेसबॉल

सोमा महाराजांना बेसबॉल सांगायचा म्हणजे आधी भाजीची टोपली लागायची. चार बटाटे, एक लांबट वांगं आणि एक बऱ्यापैकी मोठा कोहळा. एवढं जमल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग चार कोपऱ्यांत चार बटाटे मांडायचे, वांगं हातात धरायचं आणि सुरुवात करायची, "मलेबी पुरतं समजलं नाही बाई, पन् झालं तसं सांगून राहिलो."

मी तेव्हा आमगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझा स्वभाव असा, की स्वल्पविराम चुकला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. आणि या माणसाची गोष्ट म्हणजे नुसता गुंता! तरी सुट्टीच्या दिवशी माझे पाय त्यांच्या ओसरीकडेच वळायचे. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

महाराज म्हणजे आचारी. आमच्या भागात आचाऱ्याला महाराजच म्हणतात. पंचक्रोशीतल्या लग्नांत पंगतीला उतरणारा भात त्यांच्याच हातचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोंदियाकडे जाताना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करून विमानं उतरायची पट्टी केली होती. तिथे विमानं दुरुस्त करणारे काही अमेरिकन मिस्त्री येऊन राहिले आणि त्यांच्या भटारखान्यात महाराज लागले. त्या लोकांना हिंदी यायची ती 'चाय', 'जल्दी' आणि 'अच्छा' एवढीच. महाराजांना इंग्रजी त्याहून कमी. दोन वर्षं दोघांचं छान चाललं.

त्यांतला एक लाल केसांचा. महाराज त्याला लालसाहेब म्हणत. लढाईआधी तो आपल्या देशात पगार घेऊन बेसबॉल खेळायचा. हे महाराजांना पहिल्यापासून पटलंच नाही. "खेळाचा पगार? मंग मानूस काम कवा करते?" दुपारी बटाटे सोलत बसलं की लालसाहेब त्याच बटाट्यांवर आपल्या संघाचा सगळा इतिहास मांडून दाखवायचा, खाणाखुणांनी. महाराजांनी तो जसा पाहिला तसा आमच्या गावात आणला.

काय काय नव्हतं त्यात! एकदा धुकं इतकं दाटलं की चेंडूच सापडेना, म्हणून दोन्ही संघ मैदानात जेवायला बसले. एक म्हातारा चेंडूफेक्या फुटलेल्या बोटाला चिंधी बांधून दिवसभर फेकत राहिला. एकानं तर चोरी केली. "फेकनाऱ्यानं पाठ फिरवली का हा चोरून पुढच्या बटाट्यावर! अन् लोकं टाळ्या पिटते. शिपाई नाही, काही नाही!" मी विचारलं, "एका बाजूला खेळाडू किती हो?" तर म्हणाले, "टोपलीत वांगे किती हायेत त्याच्यावर." मी कपाळाला हात लावला.

पण एक डाव मात्र ते ठणठणीत सांगत. वर्षातला सगळ्यांत मोठा सामना, शेवटची पाळी, आणि धावणारा खुद्द लालसाहेब. वांगं पहिल्या बटाट्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आता शेवटचा गाठला की झालं. तिथे आडवा बसलेला कोहळा, म्हणजे चेंडू घेऊन वाट अडवणारा समोरचा गडी. वांग्यानं अंग झोकून दिलं, कोहळा वरून धाडकन् पडला, आणि खालून वांग्याचं टोक पुढे येऊन बटाट्याला लागलं. एवढं दाखवून लालसाहेब तेव्हा भटारखान्यात दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडला होता.

आता आमच्या गावात लहान पोराला विचारा. हुतुतूत धरलेल्या गड्यानं दम न सोडता रेघेला हात लावला की त्याला धरणारे सगळे मेले. महाराज तरुणपणी हुतुतूत नावाजलेले. त्यांनी टाळी वाजवली, "जितला! जितला!" रडणं आनंदाचं, यात त्यांना शंका कसली येणार? त्यांनी तूप सढळ घालून शिरा केला, लालसाहेबाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि स्वतःच्या हातानं घास भरवला. तो आधी गोंधळून बघत राहिला, मग हसला आणि परातभर शिरा एकट्यानं संपवला.

तेव्हापासून आमगावची हुतुतूची पोरं हा डाव ऐकल्याशिवाय मैदानात उतरत नसत. शेजारच्या गावाशी सामना असला की महाराज आधी लालसाहेबाला जिंकवत आणि मग पोरं "लालसाहेब की जय" म्हणून दम धरत.

लढाई संपली, मिस्त्री गेले. पुढे वर्षभरानं एक पाकीट आलं. वर एवढंच, सोमा, आचारी, आमगाव. महाराज ते घेऊन मधल्या सुट्टीत शाळेत आले, धोतराचा सोगा सावरत बाकावर बसले. "वाचा बाई. आता काय ते सरळ समजंल."

मी आधी मनातल्या मनात वाचलं. लालसाहेबानं लिहिलं होतं, की मित्रा, त्या दिवशी आम्ही हरलो. आमच्या खेळात चेंडू आधी अंगाला लागला की माणूस बाद, मग हात कुठे का पोचेना. मी बाद झालो, संघाचं वर्षभराचं सगळं माझ्यापायी गेलं. मला काढून टाकलं. गावात कुणी धड बोलेना. ते तुला सांगत होतो, तर तू मला गोड भरवलंस. खरं सांगायचा धीर झाला नाही. ते खोटं मनाला लागून राहिलंय.

"थांबल्या काऊन?" महाराजांनी विचारलं.

देवाशपथ सांगते, मला खोटं बोलायचं होतं. मी, स्वल्पविरामासाठी पोरींना रडवणारी! माझं डोकंच चालेना. मी म्हटलं, "अक्षर लागत नाही."

"तुमाले अक्षर लागत नाही?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग तं वाईटच हाये. वाचा."

मी वाचलं. महाराजांनी पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग पुटपुटले, "म्हंजे मानूस दुःखानं रडून राहिला होता, अन् मीनं त्याले शिरा चारला? बाप्पा! कायले केलं असं मीनं?" त्यांचा तो चेहरा बघून मला त्या लालसाहेबाचा राग आला. कशाला लिहिलंस रे बाबा? मग वाटलं, न लिहून तरी त्यानं काय करावं? कोण चुकलं, तेच मला कळेना.

रविवारी शेजारच्या कामठ्याच्या पोरांशी सामना होता. आमची पोरं मांडी घालून बसली, टोपली पुढे आली. महाराजांनी ती बाजूला सारली. "आजपर्यंत मी खोटं सांगत होतो गा. लालसाहेब हारला. चेंडू आधी लागला."

मग आमचा कप्तान, पांडू, उठला. "पन् महाराज, हात पोचला होता का नाही?"

"पोचला होता. त्याईच्या कायद्यात चालत नाही."

"मंग आमच्या मैदानात त्याईचा कायदा कायले?" पांडू म्हणाला. "इथं तं तो जितलाच न?" आणि मग जो गलका झाला! कामठ्याचीही पोरं त्यात घुसली. हात पोचला म्हणजे जिवंत, दोन्ही गावांचं एकमत. पंच शिट्टी फुंकून दमला, सामना तासभर उशिरा लागला. महाराज कधी या पोराकडे, कधी त्या पोराकडे बघत होते. डोळे पुसत होते, हसत होते, आणि सारखे म्हणत होते, "मले काही समजून नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी ते पत्राचं उत्तर सांगायला आले. मी दौत उघडली. मोठी क्षमा मागणार, असं मला वाटत होतं.

"लिहा," ते म्हणाले. "तुमी तिकडं हारले ते समजलं. वाईट वाटलं. पन् आमच्या गावात तुमी अजून जितून राहिले. दोन गावाईनं मिळून ठरवलं हाये."

मी शब्दाला शब्द इंग्रजीत लिहिलं. खाली महाराजांचा अंगठा घेतला. आणि त्याच्याखाली साक्षीदार म्हणून, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मी माझं पूर्ण नाव घातलं.