दाजींचं सुटं

पैसे कमवावेत कसे हे पुष्कळांना कळतं, पण ते द्यावेत कसे हे उभ्या कर्जत तालुक्यात फक्त आमच्या दाजींनाच कळतं, असं मी शपथेवर सांगेन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी चामड्याची जुनी बॅग गळ्यात आणि उभ्या घडीच्या नोटा बोटांत, हा थाट तसाच राहिला. भाजी आणि चहा रोखीनं, मोठी रक्कम चेकनं आणि मोबाईलवरून फक्त पेट्रोल आणि अक्काची औषधं. त्या मोबाईलसाठी त्यांनी वेगळं खातं उघडलं होतं आणि एक तारखेला त्यात मोजून दोन हजार टाकायचे. "मोबाईलला आपला सगळा खिसा दावायचा न्हाई, पाव्हणं," असं मला बजावायचे. बावीस-तेवीस तारखेला ते दोन हजार संपले, की मोबाईल पुढच्या एक तारखेपर्यंत उपाशी.

एकदा पंपावर पेट्रोल भरून झालं आणि खात्यात नऊ रुपये कमी पडले. बॅगेत नोटा होत्या, पण त्या भाजीच्या. मी खिशात हात घातला, तर म्हणाले, "तुमच्याकडनं घेतलं की ती उधारीच झाली. तुमी हितंच बसा." मला पंपावर तारण ठेवून दाजी घरी गेले आणि नऊ रुपये घेऊन अर्ध्या तासानं परतले. बँकेतल्या बाई क्रेडिट कार्ड द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात पैसे कुनाचं?" बाई म्हणाल्या, बँकेचे. "मग बँकेकडंच ऱ्हाऊ द्या."

या माणसाला हसावं की नमस्कार करावा, हे मला कधी ठरवता आलं नाही. नोकरीत असताना सुटे नसले की ते तिकिटामागे बाकी लिहून द्यायचे आणि माणूस उतरायच्या आधी स्वतः शोधत जायचे. ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब घाईत तसंच उतरलं, तर गाडी थांबवून स्टँडभर त्यांच्यामागे पळाले होते.

मग अक्काला ऐकू येईनासं झालं. नगरच्या दुकानात कानाचं यंत्र पाहिलं. दुकानदार म्हणाला, बारा हप्ते करा, व्याज नाही. दाजींनी हात जोडले. "हप्त्याचं यंत्र कानात घातलं, की त्यातनं वसुलीवालाच बोलनार." मी हसलो, याची आज लाज वाटते. अक्कानं काय ठरलं म्हणून विचारलं, तेव्हा दाजी तिच्या कानाशी ओरडले, "पैसे साठलं की घिऊ." तिनं मान डोलावली. तिनं त्यांच्याकडे आयुष्यात हट्ट केलाच नव्हता.

पैसे साठायला अकरा महिने लागले. दर पेन्शनला बॅगेच्या मागच्या कप्प्यात नोटा पडत होत्या आणि अक्का देवासमोर बसावं तशी बंद आवाजाच्या टीव्हीसमोर बसत होती. यंत्र आलं, रोखीनं आलं. पहिल्याच सकाळी अक्का म्हणाली, "तुमी एवढं घोरता, मला वाटलं टेम्पोच आला दारात." दाजी दिवसभर ते सगळ्यांना सांगत हिंडले. एकोणीस दिवसांनी अक्का झोपेतच गेली.

तेराव्यानंतर मी धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "दाजी, तुम्ही कधी कुणाचं देणं ठेवलं नाहीत."

बॅग मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "बिनव्याजी हुतं, पाव्हणं. हप्ता पेन्शनीतनं आरामात निघत हुता. कर्ज कुठलं वाईट आन् कुठलं न्हाई, एवढंबी मला वळखता आलं न्हाई. मी भ्यालो." कप्प्यावरून हात फिरवत राहिले. "उतरनाऱ्याचं सुटं मी कधी ठिवून घेतलं न्हाई. हिचं तेवढं अकरा महिन्यांचं माझ्याकडं ऱ्हायलं."

दाजी अजूनही एक तारखेला मोबाईलच्या खात्यात दोन हजार भरतात. आता औषधं लागत नाहीत, त्यामुळे महिना सरला तरी ते संपत नाहीत.