पालथी पिशवी

हल्ली मोबाइलवर बायका दाखवतात, एका पिशवीत आठवड्याचं सामान कसं बसवायचं. मी ते कुणाचं बघून शिकले नाही. सूड घ्यायचा म्हणून शिकले, आणि त्याची मला आजही तसूभर लाज वाटत नाही.

माझं सासर हट्ट्याला, माहेर सेनगावजवळच्या खेड्यात. सून माहेराहून परतली की तिची बॅग ओसरीवर, शेजारणींसमोर उघडायची, अशी आमच्या घरची रीत. सासूबाई स्वतः चेन ओढायच्या. आत माझ्या मायनं भरलेलं असायचं: तुरीची डाळ, कुरडया, शेवया. "कुरडया लालच दिसून राहिल्या," म्हणत त्या नाक मुरडायच्या आणि सगळं नणंदेच्या बॅगेत ओतायच्या. नणंद त्या दिवशी बरोबर हजर! आयत्या बिळावर नागोबा.

मी राग गिळायचे. मग एका पंचमीला न कळवता माहेरी गेले. माय एकटीच जेवायला बसली होती. ताटात चुरीचं वरण. डाळ भरडताना जो तुकडा पडतो, ती चुरी. सासरी आम्ही ती म्हशीला घालायचो. आणि फळीवर चांगल्या डाळीचा डबा गच्च भरलेला.

"हे काहून खाऊन राहिली, माय?"

"ती तुह्या बॅगंत भरायची डाळ हाय," ती म्हणाली. "तिला कसा हात लावू?"

माझ्या अंगाची आग आग झाली.

निघायच्या दिवशी तिनं भरलेली बॅग मी तिच्यादेखत रिकामी केली. डाळ पुन्हा डब्यात ओतली. एका कापडी पिशवीत साडी, कंगवा आणि चार्जर टाकला.

"रिकामी जाऊ नको, लेकरा. लोक माह्या तोंडात शेण घालतील."

"घालू दे. मी बघते त्यांच्याकडं."

जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. वाटभर मला कधी एकदा घर येतं असं झालं होतं.

ओसरीवर शेजारणी जमल्या होत्या. नणंद रिकामी बॅग घेऊन बसलेली. सासूबाईंनी माझी पिशवी उघडली, आत हात फिरवला, शेवटी पालथी केली. कंगवा फरशीवर पडला.

"माहेरी कोणी हाय का न्हाई तुह्या?"

"माय हाय की, आत्या. यंदाची डाळ तिलाच खाऊ द्या म्हणलं."

एक शेजारीण पदराआड हसली. आता लेकीला रिकामं कसं धाडणार? सासूबाईंना स्वतःचा डाळीचा डबा काढावा लागला. नणंदेच्या बॅगेचं तोंड मी धरलं. "आणखी घाला, आत्या. लेकीला हात आखडू नये." चारचौघींत त्यांना थांबता येईना. डब्याचा तळ दिसला तेव्हा कुठं मी बॅगेची चेन लावली.

संध्याकाळी त्यांना ताट वाढलं. त्यांनी वरणात बोट घातलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे काय?"

"चुरी. म्हशीच्या वाट्याची. डाळ वन्सं घेऊन गेल्या न्हाई का?" मी त्यांच्या समोरच पाट ओढून बसले. "खा आत्या. माही माय हेच खायाची."

त्यांनी पहिला घास घेतला. ताट रिकामं होईपर्यंत मी जागची हलले नाही.